उजवीकडचा बैल

ऐक, आधी ते दार ओढून घे आणि माझं सांगून होईपर्यंत मधे एक शब्द बोलू नकोस, नाहीतर माझा धागा तुटेल. आणि हे तुझ्यापाशीच ठेव हां. कॉम्रेड निगातू अजून गावातच आहे, आणि त्याचे कान त्याच्या अकलेपेक्षा बरेच मोठे आहेत. कॉफी भाजायची तर भाज, हात चालू देत, पण लक्ष इकडे.

तर, यिर्गदू आठवते ना? तू लग्न होऊन नदीपलीकडे गेलीस तेव्हा ती ओढ्याकाठच्या घरात नवी नवरी होती. तिचा नवरा मग ओगादेनच्या लढाईवर नेला, तो परत आलाच नाही. मूल नाही, बाळ नाही. जे काय म्हणशील ते बोरा. बोरा म्हणजे तिचा बैल. तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका, आणि खांदा असा की लोक रस्त्यात थांबून बघायचे. वासरू होता तेव्हापासून तिने त्याला वाढवलेला. घरी तल्ला गाळला की शेजारीपाजारी बियर प्यायला जमायचे, आणि यिर्गदू त्यातला घट्ट चोथा आधी टोपलीत काढून बोराकडे धावायची. पाहुणे नंतर. बोरा आधी.

आता बाईमाणसाने नांगराला हात लावायचा नाही, हे तर तुला माहीतच आहे. लावला की गारा पडतात म्हणे. मग शेत नांगरणार कोण? तर शेजारचा आयालनेह. त्याच्याकडेही एकच बैल, गोशा, काळाभोर. एक बैल तिचा, एक त्याचा, दोघांची मिळून जोडी. एक दिवस तिचं शेत, एक दिवस त्याचं. आठ वर्षं हे असंच चाललं होतं, आणि आयालनेहने एकदाही आधी स्वतःचं शेत धरलं नाही. म्हणायचा, "वहिनी, तुमची माती काळी आहे, लवकर वाळते, तुमचं आधी करू." खरं म्हणजे त्याचीही माती काळीच.

बरं, आता मुद्द्याचं. बोरा उजवीकडचा, गोशा डावीकडचा. यात काही मोठं गूढ नाही, आपल्याकडे प्रत्येक बैल एका बाजूला शिकलेला असतो आणि मरेपर्यंत त्याच बाजूला चालतो. पण बोराचं जरा जास्तच होतं. त्याच्या डाव्या अंगाला गोशाची जागा. त्या बाजूला कुणी माणूस येऊन उभा राहिला की बोरा चारी पाय रोवणार आणि ढिम्म हलणार नाही. मारा, ओढा, शिव्या द्या. यिर्गदू त्याला पाण्यावर न्यायची ती सुद्धा उजव्या अंगाने, मानेवर हात ठेवून. दावं नाही की काही नाही. नुसता हात.

आणि मग आला आपला कॉम्रेड निगातू.

काय वर्णन करू! काळा चष्मा, खिशाला तीन पेनं, आणि पायात असे चकचकीत बूट की पहिल्याच दिवशी एक बूट चिखलात राहिला आणि साहेब मोजा घालून सभेला आले. वार्काच्या झाडाखाली सगळ्या गावाला बसवलं. बाजूला आपला बितेव, शेतकरी संघटनेचा अध्यक्ष. तो तर नव्या नवऱ्यासारखा नटून आला होता, खांद्यावर पांढरीशुभ्र गाबी पांघरलेली. निगातू म्हणाला, आजपासून तुमचं माझं संपलं. जमीन सगळ्यांची, नांगर सगळ्यांचे, बैल सगळ्यांचे. सगळे बैल एका गोठ्यात. जो येणार नाही त्याला काळी जमीन मिळणार नाही, त्याला डोंगराच्या कडेची देऊ. डोंगराच्या कडेला काय उगवतं ते तुला माहीत आहे. दगड.

आयालनेह उठून उभा राहिला. "कॉम्रेड, एक विचारू?"

"विचारा, विचारा! प्रश्न विचारणारा शेतकरी हाच क्रांतीचा पाया."

"बैलांना चारा कोण घालणार?"

"सगळे!"

"म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे सगळे!"

"तसं नाही हो. उद्या सकाळी. उद्या सकाळी गोठ्यात कोण जाणार?"

निगातूने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुमचा हा प्रश्नच जुन्या विचारांचा आहे," म्हणाला.

आयालनेह खाली बसला आणि यिर्गदूच्या कानाशी लागला, "कळलं का वहिनी? कुणीच नाही जाणार."

आणि हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी केले. यिर्गदूनेही केला. काय करणार होती? दगड पेरणार होती? पण तिने मनाशी एक हिशेब बांधला. हे असले शहाणे येतात आणि जातात, तिला वाटलं. आधी राजाची माणसं होती, ती गेली. हेही जातील. दोन पावसाळे, फार तर तीन. मग ज्याचा बैल तो आपापल्या घरी नेईल. तोवर बोरा जिवंत राहिला पाहिजे आणि गावात राहिला पाहिजे, बस्स. बोरा आहे तर आयालनेहच्या गोशाला जोडीदार आहे, म्हणजे तिच्या शेतात नांगर आहे, म्हणजे ती घराची मालकीण आहे. बोरा गेला की ती दुसऱ्यांच्या अंगणात टेफचे दाणे निवडणारी बाई. एवढी सरळ गोष्ट.

आता बितेवची गंमत ऐक. हा अध्यक्ष! सभेत सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवणारा! त्याने सभेच्या आदल्याच आठवड्यात आपले दोन्ही चांगले बैल बाजारात विकून टाकले होते. आणि सामुदायिक गोठ्यात काय आणून बांधलं? एका डोळ्याने आंधळा, तांबडा, मरतुकडा बैल, जो त्याने कुठून आणला देव जाणे. दावं हातात देताना डोळ्यांत पाणी काय, आवंढा काय! "माझं काळीज देतोय कॉम्रेड, माझं काळीज." आयालनेह म्हणाला, "काळजाला एकच डोळा दिसतोय." लोक हसले. बितेव हसला नाही. ते त्याने लक्षात ठेवलं.

तर गोठा. मोठं कुंपण, वर छप्पर नाही, कारण छपराचा ठराव पुढच्या बैठकीत होता. प्रत्येक बैलाच्या पाठीवर चुन्याने आकडा. बोरा सतरा नंबर. निगातू म्हणाला, बैलांना नावाने हाक मारायची नाही, त्यात मालकीची भावना येते. सकाळी प्रत्येकाला वाटायचं चारा दुसऱ्याने टाकला असेल. दुपारी प्रत्येकाला खात्री पटायची. संध्याकाळी बैल कुंपणाच्या काठ्या चघळत उभे. महिन्याभरात चाळीस बैलांच्या बरगड्या लांबून दिसायला लागल्या. यिर्गदू गाबीखाली टोपली लपवून तल्ल्याचा चोथा न्यायची. एकदा निगातूने पकडलं.

"काय आहे ते?"

"चोथा."

"कुणासाठी?"

"बो... सतरा नंबरसाठी."

"आणि बाकीच्या एकोणचाळीसांचं काय, बाई? त्यांना पोट नाही?"

"त्यांच्या मालकांना विचारा ना."

"मालक!" निगातू असा ओरडला जसा पायाखाली विंचू आला. "मालक हा शब्द इथे परत नको!" आणि टोपली घेतली आणि समानता म्हणून चोथ्याच्या चिमूट चिमूट चाळीस बैलांपुढे टाकल्या. खरंच! चिमूट! बैलांनी त्याच्याकडे असं बघितलं ना, अगं, बैलांना बोलता आलं असतं तर त्याला त्याच दिवशी परत जावं लागलं असतं.

मग बातमी आली की राजधानीहून मोठे कॉम्रेड येणार, बरोबर दोन परदेशी पाहुणे, आणि फिल्म काढणारा माणूस. वीस जोड्या एका रांगेत पहिलं तास काढणार, त्याची फिल्म होणार, ती साऱ्या देशात दाखवणार. दिवस ठरला बुधवार. बुधवारी! आणि जेवणात मांस! आपला बुधवार-शुक्रवार उपासाचा, म्हाताऱ्या दुपारपर्यंत पाण्यालाही शिवत नाहीत, आणि हा म्हणतो बैल कापू. कुणीतरी हळूच सांगितलं, तर म्हणतो, "क्रांतीला बुधवार नसतो."

आणि आता अकलेची कमाल. जोड्या कशा लावाव्यात? याने काय केलं, फिल्ममध्ये शोभून दिसावं म्हणून रंगाने लावल्या. तांबड्याला तांबडा, काळ्याला काळा, पांढऱ्याला पांढरा. बाजू? बाजूचं काय, लहान आकडा डावीकडे, मोठा आकडा उजवीकडे. बोरा सतरा, बितेवचा एकडोळ्या अठरा. म्हणजे बोरा गेला डावीकडे.

तालमीच्या दिवशी जू मानेवर पडलं तसा बोराने मान वाकडी करून डावीकडे बघितलं. तिथे काहीच नाही, नुसतं वारं. मग उजवीकडे बघितलं, तर तिथे एक अनोळखी आंधळा डोळा. चारी पाय रोवले. संपलं. चाबूक, काठी, शेपूट पिरगाळणं, सगळं झालं, बाकीच्या जोड्या जुंपून बघायची वेळच आली नाही. पाठीवरचा चुन्याचा सतरा लाल झाला. यिर्गदू कुंपणापाशी उभी होती, तिला राहवेना. धावत गेली.

"कॉम्रेड, तो आळशी नाही, तो उजवीकडचा आहे! त्याला उजवीकडे जुंपा, गोशाबरोबर जुंपा, बघा कसा चालतो!"

"गोशा कोण?"

"तो काळा. तेहतीस नंबर."

"काळ्याबरोबर तांबडा? फिल्ममध्ये कसं दिसेल ते?"

"अहो, पण चालेल तरी!"

निगातू तिच्यापुढे वाकला, लहान मुलाला समजवावं तसा. "हे बघा बाई. बैल म्हणजे काय? ताकद. ताकदीला बाजू असते का? ट्रॅक्टर येईल तेव्हा तुम्ही ट्रॅक्टरलाही विचारणार, बाबा रे तू उजवीकडचा की डावीकडचा?"

बितेव मागे उभा होता. त्याने संधी साधली. "कॉम्रेड, हा बैल सुरुवातीपासून असाच आहे. बाईने लाडावून ठेवलाय. बाकीच्या बैलांनाही बिघडवेल." आणि मग अगदी सहज, जणू आत्ताच सुचलं, "पाहुण्यांच्या जेवणाला एक बैल हवाच आहे ना आपल्याला?"

झालं! लिहून टाकलं. सतरा नंबर, कामचुकार, बुधवारी दुपारी जेवण.

यिर्गदू घरी आली ती चुलीपाशी बसून राहिली. आयालनेह दारात आला. आत नाही आला, दारातच उकिडवा बसला.

"वहिनी, मी बोललो बितेवशी."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काळजाला एकच डोळा असतो." आयालनेहने मातीत काडीने रेघ ओढली. "माझ्या तोंडाला कुलूप पाहिजे होतं त्या दिवशी."

"तुझ्या तोंडाने नाही रे. त्याच्या डोळ्यांत बोराचा खांदा पहिल्यापासून खुपत होता."

"बुधवारी गोशाला ते काळ्या बैलाबरोबर जुंपणार आहेत. दोघंही डावीकडचे. तोही नाही चालायचा. एकही जोडी नाही चालायची वहिनी. तुम्ही फक्त बोराजवळ राहा. काय होतं ते बघू."

आला बुधवार. दोन गाड्या, मागे एक ट्रक. मोठे कॉम्रेड खरोखरच मोठे होते, गाडीच्या दारातून निघायला त्यांना वेळ लागला. परदेशी पाहुणे गोरे, घामाघूम, सारखे हसणारे. झाडाखाली मंडप, टेबलावर बाटल्या. मंडपाच्या एका खांबाला बोरा बांधलेला आणि दोन पावलांवर एक माणूस सुरी घासत बसलेला. यिर्गदू बोराच्या उजव्या अंगाला, मानेवर हात. तिला हटवायला कुणी आलं नाही, सगळ्यांचं लक्ष फिल्मकडे.

शेतात एकोणीस जोड्या रांगेत, बोरा खांबाला म्हणून एक बैल गोठ्यातच उरला. दिसत होतं मात्र सुरेख, खोटं का बोलू. तांबडे, काळे, पांढरे, कबरे. निगातूने लाल झेंडा खाली केला. बैलांच्या पाठीवर चाबूक कडाडले.

आणि अगं, काय सांगू तुला! पहिली जोडी गोल फिरली. म्हणजे एकाच जागी, गिरणीच्या जात्यासारखी. दुसरीतले दोघंही उजवीकडचे, दोघंही उजव्या बाजूला सरकायला बघतात, जू मोडलं, काडकन! तिसरी जोडी मागे चालायला लागली. मागे! नांगऱ्या पुढे ओढतोय, बैल मागे जातायत. पांढऱ्या जोडीने सरळ मंडपाकडे मोर्चा वळवला, बहुधा सावली बघून, आणि परदेशी पाहुणे बाटल्या उचलून पळाले. बितेवचा एकडोळ्या तेवढा शांत, तो सरळ खाली बसला आणि रवंथ करायला लागला. फिल्मवाला हसत हसत फिल्म काढतोच आहे. निगातू शेतभर धावतोय, "अठरा! अठरा, ऊठ! सदतीस, सरळ!" आकड्याने हाक मारून बैल ऐकतो होय!

बायकांनी तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलत होते. हसलो आम्ही, पोट दुखेस्तोवर हसलो, आणि तेवढंच ते. पुढचं हसण्यासारखं नाही.

मोठे कॉम्रेड उठले. चेहरा टोमॅटोसारखा. निगातूला बोलावलं. हळू बोलले, पण यिर्गदू दोनच पावलांवर होती.

"हे काय आहे?"

"बैल... प्रशिक्षण अजून..."

"पाहुणे पंधरा मिनिटांत मला विचारणार की आमच्या देशात बैलांनाही सामुदायिक शेती नको आहे का. मी काय उत्तर देऊ?"

निगातू खिशातली पेनं चाचपायला लागला. तेवढ्यात त्यांची नजर बोरावर गेली. "हा एवढा मजबूत बैल इथे का बांधलाय?"

"तो कामचुकार आहे. तुमच्या जेवणा..."

"नाही!" यिर्गदू ओरडली. तिला स्वतःलाच तिचा आवाज ओळखू आला नाही. "तो कामचुकार नाही. मला परवानगी द्या साहेब. बैल ज्यांचे होते त्यांना नावाने हाक मारू द्या. एवढंच. नाही चालले तर कापा याला. मलाही कापा."

मोठ्या कॉम्रेडने तिच्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं, मग हात हलवला. करा.

मग यिर्गदूने बोराचं दावं सोडलं, आयालनेहला हाक मारली आणि आयालनेहने शेताकडे तोंड करून एकच आरोळी दिली, "अरे, आपापले बैल बोलवा!" आणि मग जे झालं! एकोणचाळीस नावं एकदम. महिनाभर कुणी उच्चारली नव्हती ती नावं. नांगऱ्यांनी जुवं उतरवली आणि बैल कान टवकारून वळले, ज्याचा त्याच्याकडे चालत आले, जुन्या जोड्या जुन्या बाजूंना आपोआप लागल्या. तांबड्याशेजारी काळा, कबऱ्याशेजारी पांढरा. गोशा डावीकडे येऊन उभा राहिला, बोरा उजवीकडे, आणि दोघांनी माना एकमेकांना घासल्या. आयालनेहने जू चढवलं. त्याच्या घशातून ते नांगरतानाचं गाणं निघालं, तुला माहीत आहे ना, बैलांची स्तुती करतात ते, आणि तास असं सरळ गेलं की सुतारानेही रेघ अशी मारली नसती. मागून अठरा जोड्या. बितेवच्या एकडोळ्याला फक्त कुणी हाक मारली नाही. बितेवला त्याचं नावच माहीत नव्हतं! त्याच्या जोडीदाराला मग तसंच सोडून दिलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. फिल्मवाल्याने नवी फिल्म घातली, जुनी तिथेच उन्हात ओढून खराब केली, साहेबांनी सांगितलं म्हणून. आणि निगातू! इतका वेळ गाळात गेलेला निगातू आता छाती काढून पाहुण्यांना सांगतोय, "ही आमची नवी पद्धत! शेतकऱ्यांच्या पुढाकाराने!" मोठ्या कॉम्रेडने त्याची पाठ थोपटली. अगं, पाठ थोपटली! मेडल मिळणार म्हणे.

यिर्गदूला त्याचं काही नव्हतं. सुरी घासणारा माणूस उठून गेला होता. बोरा जिवंत होता. ती रडत होती आणि हसत होती आणि बोराच्या पाठीवरचा चुना ओच्याने पुसत होती.

तेवढ्यात मोठे कॉम्रेड चालत आले, बोराच्या खांद्यावर हात फिरवला. "वा! हा बैल आपण राजधानीला नेऊ. क्रांतीच्या वर्धापनदिनाचं प्रदर्शन आहे. प्रत्येक सामुदायिकातून एकेक बैल नेतोय आम्ही, तिकडे त्यांच्या नव्या जोड्या लावू. ट्रकमध्ये एकाची जागा आहे."

एकेक बैल! तिकडे नव्या जोड्या! अर्ध्या तासापूर्वी डोळ्यांनी बघितलं होतं ग त्या माणसाने! मी म्हणते, कपाळाला दोन डोळे तरी कशाला दिलेत देवाने, बितेवच्या बैलासारखा एक बस्स झाला असता.

बोरा ट्रकवर चढेना. फळी लावली, सहा जण मागून रेटतायत, हलत नाही. आकाश काळं झालं होतं, ड्रायव्हर ओरडत होता की पाऊस आला तर पुलाजवळ ट्रक रुतेल. मग निगातूला आठवलं. "ती बाई! त्या बाईचं ऐकतो तो. बाई, चढवा याला."

सगळं गाव उभं होतं. यिर्गदू पुढे आली. आणि ती बोराच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली.

आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांच्या. कुणी हुं की चुं केलं नाही. बितेव सुद्धा नाही, त्याचं मला आश्चर्य वाटलं, पण त्याला कळलंच नसेल, त्याने बैल कधी नीट बघितलेच नाहीत, फक्त विकले. यिर्गदूने मानेवर हात ठेवला, आणि गोड आवाजात म्हणाली, "चल बोरा, चल माझ्या राजा." बोराने चारी पाय रोवले. "चल ना रे." ढिम्म. तिने खांद्याने ढकलल्यासारखं केलं, घाम पुसला, हताश झाल्यासारखं साहेबांकडे बघितलं. "नाही ऐकत साहेब. आज माझंही नाही ऐकत."

ढग गडगडले. मोठ्या कॉम्रेडने घड्याळ बघितलं.

"जाऊ दे. या जोडीतला दुसरा घ्या. तो काळा."

यिर्गदूचा हात बोराच्या मानेवर तसाच राहिला.

आयालनेह गोशापाशी उभा होता. त्याने एकदा यिर्गदूकडे बघितलं. एकदाच. त्यालाही तेच करता आलं असतं ना? गोशाच्या उजव्या अंगाला उभं राहायचं, की गोशाही रोवणार पाय. पण दोन बैल एकापाठोपाठ अडले असते तर निगातूच्या चष्म्यामागेही उजेड पडला असता, आणि मग बोराही गेला असता, गोशाही, आणि यिर्गदूला कुठे नेलं असतं ते मी बोलत नाही. आयालनेह गोशाच्या डाव्या अंगाला गेला, जिथे जायला हवं तिथे. मानेवर हात ठेवला. गोशा त्याच्याबरोबर फळीवरून वर चढला, घरी चालल्यासारखा, निमूट.

ती तोंड उघडणार होती म्हणते. "थांबा, हा चढेल," असं म्हणायला लागला असता एक श्वास. बोराच्या दुसऱ्या बाजूला जायला लागली असती तीन पावलं. ट्रकचं मागचं फळकूट लागेपर्यंत तिला वेळ होता, तेवढं ती मला स्वतः म्हणाली. ती उभीच राहिली. डाव्या अंगाला.

आता बोरा गोठ्यात उभा असतो, डावीकडे एका बैलाएवढी जागा सोडून. तिथे दुसरा बैल आणला की शिंगं उगारतो. आयालनेह रोज तिच्या दारावरून जातो. मान हलवतो, "वहिनी, बरं आहे ना?" विचारतो, थांबत नाही. तिने तल्ला गाळला, बोलावलं, तर म्हणाला उपास आहे. मंगळवार होता.

आणि गाव? गाव तिला शहाणी म्हणतंय, हसतंय, कसा बनवला त्या मोठ्या गाढवाला म्हणून. मीही हसले आधी. निगातू तर वर्धापनदिनाचं भाषण पाठ करतोय.

ओतू नकोस अजून, कॉफी खाली बसू दे. मला एवढंच सांग, खरं सांग हां, देवळात उभी असल्यासारखं. तो म्हणाला, "तो काळा घ्या." फळी अजून लागलेली आहे. बोराच्या मानेवर तुझा हात आहे. आयालनेह तुझ्याकडे बघतोय. तू असतीस तर कुठल्या अंगाला उभी राहिली असतीस?